आभार मानायचे नाहीत

शनिवारी सकाळी किंगा दारापाशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती, तेव्हा तिची सात वर्षांची पोर, तोशा, पायजम्यावरच येऊन समोर उभी राहिली, डोळे गच्च मिटले आणि डावा गाल पुढे केला. किंगाला वाटलं, पापा हवाय. ती वाकली तर पोर मागे सरकली. "तसं नाही. मार," तोशा म्हणाली. "काय?" "मार ना. जोरात. सोमवारी माझी कविता आहे." सोमवारी शाळेत कविता म्हणण्याची स्पर्धा होती, हे किंगाला ठाऊक होतं, गेले दोन आठवडे घरातली भांडीसुद्धा ती कविता पाठ म्हणू शकली असती. परीक्षेला, स्पर्धेला निघालेल्या पोराच्या ढुंगणावर आयांनी गुडघ्याने हलकीशी लाथ मारायची, नशिबासाठी, हेही इथे घरोघर चालतं. लाथ खाणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, मानले की नशीब फिरतं. पण ती लाथ म्हणजे लाडच असतो, त्यात लागण्यासारखं काही नसतं. पोर गाल पुढे करून उभी होती. "लाथ नको मला," ती डोळे न उघडता म्हणाली, "तुला ट्रेनर मारतात तशी हवी. मागच्या वेळी मी आजीबरोबर वरून पाहिलं, त्यांनी मारली आणि तू दुसरी आलीस. मी आरशासमोर मारून बघितली स्वतःला. पण आपली आपल्याला लागत नाही."

किंगाच्या हातातली नाडी तशीच राहिली. आतून तिची आई म्हणाली, "दे की एक हलकीशी. पोरीची हौस." म्हातारी ओट्यापाशी चहा गाळत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "आई, तू गप्प बस," किंगा म्हणाली. मग ती गुडघ्यांवर आली, पोरीच्या तोंडासमोर तोंड नेलं. गुरुवारच्या उरलेल्या डोनटची साखर तोशाच्या ओठाच्या कोपऱ्यात होती; उपवासाच्या दिवसांआधीच्या त्या गुरुवारी सगळं गाव डोनट खात होतं आणि किंगा उकडलेली कोंबडी. "हे बघ," ती म्हणाली, "आज मला कोणी मारणार नाही. मी तशीच पळणार. तू टीव्हीवर बघ." तोशाने डोळे उघडले. ही पोर सौदा केल्याशिवाय दूधसुद्धा पीत नाही. "मार न खाता पहिली आलीस तर मलाही नको," ती म्हणाली. "नाही आलीस तर सोमवारी मारायची. खरोखरची. कबूल?" किंगा तीन वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली नव्हती. खाली ट्राम वळणावर कचकचली, पुढची वीस मिनिटांनी होती. "कबूल," किंगा म्हणाली आणि पिशवी उचलून जिना उतरली. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर तिला कळलं आपण काय कबूल केलं ते.

ट्राममध्ये काचांवर आतून बर्फाची बुरशी धरली होती. पूल ओलांडताना विस्वा नदी दिसली नाही, तिच्यावरची वाफ तेवढी दिसली. किंगाने हातमोजा काढून डाव्या गालावर बोटं ठेवली. गाल ऊन होता. बाहेर उणे अकरा, आणि हा गाल नेहमी दुसऱ्या गालापेक्षा थोडा ऊन असतो, असं तिला कित्येक वर्षं वाटत आलं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती. तेरा वर्षांची असताना पहिली थप्पड बसली. तेव्हा आज पळायचं होतं तो निळा नवा हॉल वगैरे काही नव्हता, क्लबची पोरं हिवाळ्यात फुटबॉलच्या स्टेडियमखालच्या बोळात पळायची. बोळ आखूड, म्हणून टोकाचं लोखंडी दार उघडं ठेवायचे आणि पळणारी पोरगी शर्यत संपवून सरळ बाहेर बर्फात जाऊन पडायची. दार उघडं ठेवायला एक वीट लावलेली असे. किंगा तेव्हा सुटायला मंद होती. शिट्टी वाजली की इतर मुली उडायच्या आणि ही क्षणभर ऐकत राहायची, शिट्टीचा आवाज बोळाच्या टोकाला जाऊन परत येतो कसा ते. कुझावा ट्रेनर सगळ्या मुलींना नशिबाची लाथ मारायचे, हसत हसत. त्या दिवशी ते हिच्याजवळ आले, हनुवटी धरली, म्हणाले, "ही झोपलीय," आणि मुस्काटात भडकावली. बोळात आवाज केवढा झाला. मुली हसल्या नाहीत. किंगाच्या कानात वाफेच्या इंजिनासारखं काहीतरी सुरू झालं, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि मग आपण पळतोय असं तिला वाटलंच नाही, कोणीतरी आपल्याला फेकलंय असं वाटलं. दाराबाहेर ती तोंडावर पडली, बर्फ नाकात गेला, ओठ फुटला. मागून ट्रेनर घड्याळ हातात धरून धावत आले, त्यांचे डोळे पाणावले होते. "बाळा," ते म्हणाले, "तू काय पळलीस ठाऊक आहे का तुला?" त्यांनी तिच्या कानामागे केस सारले. तिला बाप नव्हता, म्हणजे होता, पण श्चेचिन शहरात दुसऱ्या बाईकडे होता. त्याने कधी मारलं नाही, कानामागे केसही सारले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक शर्यतीला एक. एकच. ती कधी मोजायला बसली नाही आणि कोणी मोजायला सांगितलं असतं तर तिने त्यालाच हाणलं असतं. क्लबात या थपडेला नाव पडलं होतं, 'कुझावाचा चहा'. इतर क्लबांतल्या मुली विचारायच्या, "आज चहा झाला का गं?" ती हसायची. हसणं जमून गेलं होतं. थप्पड बसायच्या आधी डोळे मिटायचे नाहीत, बसल्यावर गालाला हात लावायचा नाही आणि आभार मानायचे नाहीत, नशीब फिरतं. ती तंतोतंत पाळायची. आणि पळायची. देशात तिसरी, दुसरी, एकदा पहिली. पोटात तोशा होती तेव्हा वर्षभर कोणी मारलं नाही, तर तिला कशातच राम वाटेना. दुकानात रांगेत उभी असताना गाल आपोआप थोडा पुढे यायचा. हे आठवून ट्राममध्ये तिला शिसारी आली. समोरच्या बाकावरचा म्हातारा तिच्याकडे बघत होता, कारण ती स्वतःच्या गालावर बोटांनी टकटक करत होती.

हॉलमध्ये शिरलं की आधी खोकला येतो. कोरडी तापवलेली हवा, रबर, पेपरमिंटचं मलम, कॉफी, आणि वर छताला हजार दिव्यांचा एकच पांढरा उजेड, ज्यात कोणाला सावली नसते. मधोमध साठ मीटरची सरळ पट्टी, आठ रांगा, निळी. पट्टी संपली की थोडी जागा आणि मग भिंत, भिंतीला माणसाहून उंच गादी उभी केलेली. साठ मीटर पळायला सात सेकंदांच्या वर थोडं लागतं आणि थांबायला जागा नाही, म्हणून प्रत्येक जण शेवटी त्या गादीत जाऊन आदळतो. बघणाऱ्यांना गंमत वाटते. किंगाला गादीत आदळायची भीती कधी वाटली नाही, गादी मऊ आहे असंही कधी वाटलं नाही. एकवीस वर्षांची असताना दुसऱ्या गावच्या हॉलमध्ये गादी सरकलेली होती आणि तिचं मनगट कचदिशी मोडलं. ट्रेनर म्हणाले, "चला, पोचलीस तर खरी." तेव्हासुद्धा ती हसली होती, मनगट मांडीवर घेऊन.

प्राथमिक शर्यतीच्या आधी कुझावा कठड्याशी उभे होते. सुरुवातीच्या रेषेमागे कमरेएवढा कठडा असतो, ट्रेनर लोक पलीकडे, पळणाऱ्या अलीकडे, टोपल्यांत कपडे टाकत. बासष्ट वर्षांचा रुंद माणूस, तोंडात लवंग, मिशा आता पांढऱ्या. त्यांनी बाही वर सारली. "चल ये," ते म्हणाले, जसं कोणी औषध पाजायला बोलावतं.

"आज नको," किंगा म्हणाली.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको."

"डोकं दुखतंय का बाईसाहेबांचं?" त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ती टोपलीत कपडे टाकत राहिली. "बरं," ते म्हणाले आणि दोन्ही हात खिशात घातले. त्यांनी हट्ट केला असता, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते हात खिशात गेले आणि किंगाच्या छातीत काहीतरी पडलं, घरातला दिवा कोणी जाता जाता मालवावा तसं. ती जागेवर गेली. पाय लोखंडी ठोकळ्यांवर टेकवले, बोटं रेषेमागे. गाल वाट पाहत होता. निर्लज्जासारखा वाट पाहत होता. 'तयार' ऐकू आलं, कंबर वर गेली, आणि मग बंदुकीचा आवाज झाला आणि ती ऐकत राहिली, आवाज छताला जाऊन कसा पसरतो ते. दोन्ही बाजूंच्या मुली सुटल्या होत्या. ती त्यांच्या पाठी बघत पळाली, खिळ्यांच्या बुटांनी रबर टोचण्याचा तो कच् कच् कच् आवाज तिच्या स्वतःच्या पायांचा नव्हताच जणू. तिसरी आली. गादीतून बाहेर पडून वर पाहिलं तर निकालाच्या फळ्यावर तिचं नाव अंतिम फेरीत होतं, आठांतलं शेवटचं. केसभराने आत.

"वा," कुझावा म्हणाले, "मालगाडीसुद्धा याच्याआधी सुटते." ते रागावले नव्हते. ते शांतपणे लवंग चघळत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं जे दुकानदाराच्या चेहऱ्यावर असतं, गिऱ्हाईक बाजारभर हिंडून परत त्याच्याच पायरीशी आल्यावर. मग ते वळले, कारण पुढच्या गटात रोक्साना होती. रोक्साना याच क्लबची, एकोणीस वर्षांची, बाप वकील. कठड्यावर ओणवून ट्रेनर तिला हळूच काहीतरी म्हणाले, तिने च्युइंगम थुंकून त्यांच्याच हातातल्या कागदात दिला, आणि ती जाऊन हसतखेळत पहिली आली. किंगा कपडे चढवत बघत होती. तिने पहिल्यांदाच नीट बघितलं. गेली तीन वर्षं रोक्साना क्लबात होती आणि कुझावांचा हात तिच्या अंगाला कधी लागला नव्हता. किंगाला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण आतापर्यंत त्याचा अर्थ ती असा लावत आली होती की चहा मिळतो तो लाडक्या लेकीला.

सराव हॉलच्या मागे भिंतीशी लाकडी बाक होतं. दोन तास होते. ती आडवी झाली, टॉवेल तोंडावर घेतला, आणि टॉवेलखाली अंधार होताच तिच्या डोक्यात मारामारी सुरू झाली. खरोखरची. ती कुझावांना मारत होती, मुठींनी, मिशीवर, लवंग दातांत फुटेपर्यंत. ती आईला मारत होती, जी बारा वर्षं गावभर सांगत आली की माझी पोर चपराकीवर चालते, जशी काही पोर म्हणजे रस्त्याच्या कडेचा बिघडलेला रेडिओ. ती श्चेचिनच्या माणसाला मारत होती, त्याला तर चेहराच नव्हता, मारायला नीट जागा सापडेना. मग त्या सगळ्या गालांमध्ये एक गाल आला, लहान, डोळे मिटलेला, ओठाच्या कोपऱ्यात साखर. किंगा ताडकन उठून बसली. टॉवेल खाली पडला. तिचा उजवा हात वर होता. शेजारी पाय ताणत बसलेली कोणा दुसऱ्या क्लबची उंच मुलगी थबकून म्हणाली, "गोळा आला का पायात?" "हो," किंगा म्हणाली. तिने त्या हाताने पोटरी चोळली. तोशाला तिने आजवर बोट लावलं नव्हतं. एकदा, पोर दोन वर्षांची असताना, रात्रभर रडली होती तेव्हा हात उठला होता, आणि किंगाने तो हात दाराच्या चौकटीवर आपटला होता. आठवडाभर सुजलेला होता. तिला अभिमान होता त्याचा. आपल्यापाशी येऊन हे सगळं थांबलं, असं तिला वाटायचं. आणि पोर आरशासमोर उभी राहून स्वतःला मारून बघत होती.

पिशवीत फोन वाजला. आजीच्या फोनवरून आवाज भरून पाठवला होता. "आई, तू तिसरी आलीस," तोशाचा आवाज, मागे टीव्ही चालू. "पण आजी म्हणते हे अजून खरं नाही, खरं पुढे आहे. मी कविता म्हणतेय. एक कडवं चुकतंय. चुकलं की मी गालाला सांगते, थांब, सोमवारी." मग खाकरल्यासारखा आवाज, मग बंद. किंगाने ते पुन्हा ऐकलं. पोरीच्या आवाजात भीती नव्हती, उलट तोच उत्साह होता जो नवीन दप्तर आलं की असतो. किंगाला वाटलं, आताच्या आता घरी जावं. मग वाटलं, घरी जाऊन काय सांगणार? न पळता परत आले, ये, गाल आण? पळणं भाग होतं आणि पहिलं येणं भाग होतं, आणि प्राथमिक शर्यतीने दाखवून दिलं होतं की न मारलेली किंगा म्हणजे मंद, ऐकत बसणारी, कोणाच्या तरी पाठीकडे बघत पळणारी बाई आहे. तिशीची. गुडघे दुखणारी. आठांतली आठवी.

अंतिम फेरीच्या मुलींना बाहेर बोलावलं तेव्हा दिवे कमी केले होते आणि एकेकीचं नाव घेऊन एकेकीवर उजेड टाकत होते. कॅमेरेवाला रेषेमागे उलटा चालत होता. किंगा सर्वांत कडेच्या रांगेत, कठड्याच्या अगदी जवळ. ती टोपलीत जॅकेट टाकत होती, तेव्हा लवंगेचा वास आला.

"आता नखरे पुरे," कुझावा हळू म्हणाले. "इकडे तोंड कर."

"रोक्सानाला का नाही मारत तुम्ही?" किंगाने विचारलं. तिने हे विचारायचं ठरवलं नव्हतं. आवाजही तिचा नव्हता, तेरा वर्षांच्या मुलीसारखा निघाला.

कुझावांनी पलीकडे पाहिलं, रोक्साना हात हलवून कॅमेऱ्याला चुंबन पाठवत होती. "तिला?" ते म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तिला कशाला? तिच्यात आहे ते. तुझ्यात नाही, बाळा. तुझ्यात कधी नव्हतंच. म्हणून तर मला घालावं लागतं." आणि त्यांनी हात पुढे करून तिच्या कानामागे केस सारले, जसे नेहमी सारायचे, पण नेहमी शर्यतीनंतर सारायचे.

किंगाने त्यांना मारलं. हात कुठून आला ते तिलाही दिसलं नाही. कठड्यावरून, खांद्यातून, कमरेतून, पायाच्या चवड्यांतून आला, सतरा वर्षं शिकवल्यासारखा, आणि त्यांच्या गालावर असा बसला की लवंग उडून निळ्या रबरावर पडली. आवाज मंद केलेल्या दिव्यांत हॉलभर गेला. कॅमेरेवाला वळला. शेजारच्या रांगेतली मुलगी एक पाऊल मागे गेली. लाल कोटातली पंच बाई हात वर करून पुढे येत होती, आणि किंगाला वाटलं, झालं, बाहेर काढतील, संपलं, आणि एवढं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिला अजून मारायचं होतं. कठड्यावरून उडी टाकून त्यांना खाली पाडायचं होतं आणि गुडघा छातीवर ठेवून मारायचं होतं, आणि ती तशी झुकलीही.

कुझावा हसले. चार बोटं गालावर उमटत होती, डाव्या डोळ्यात पाणी आलं होतं, आणि ते हसत होते, आनंदाने. "बाई, काही नाही," ते पंच बाईला मोठ्याने म्हणाले, "नशिबासाठी. आमच्या क्लबची रीत आहे. नेहमी मी देतो, आज पोरगी देतेय." पंच बाईने त्यांना ओळखलं, कोण ओळखत नव्हतं. तिचा वर केलेला हात खाली आला. "अहो कुझावा, मग आभार मानू नका हं," ती म्हणाली, आणि प्रेक्षकांतल्या पहिल्या रांगेतले लोक हसले, आणि ते हसू मागच्या रांगांत गेलं, आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "नाही मानत," कुझावा म्हणाले. मग ते किंगाच्या कानाशी आले. "आता बघ," ते म्हणाले. "आता पळशील तू."

तिला वाटलं, पळू नये. उभं राहावं रेषेवर, बंदूक वाजू द्यावी, सगळ्या जाऊ द्याव्यात. एवढ्यात 'जागेवर' म्हटलं, आणि तिचे गुडघे टेकले, पाय ठोकळ्यांवर गेले. तळहात जमिनीवर टेकवला तर तो जळत होता. गाल नाही, तळहात. तिने मान खाली घातली. हे त्यांचं नाही, ती स्वतःशी म्हणाली, हे माझं आहे, त्यांनी घातलेलं नाही हे, आणि ते नक्की कोणाचं आहे ते ठरवायला तिला वेळ मिळाला नाही. 'तयार.' बंदूक वाजली आणि तिने काही ऐकलं नाही. ती गेलेली होती. पहिली पावलं तिने जमिनीला लाथा घातल्यासारखी टाकली, खिळे रबरात रुतत होते आणि ती ते उपटत होती, प्रत्येक पावलाला कोणाचं तरी तोंड खाली होतं, तिने बघितलं नाही कोणाचं. कोपर शेजारणीच्या हाताला घासलं, कातडी गेली. मान वर आली तेव्हा पुढे कोणी नव्हतं. कोणाची पाठ नव्हती. नुसती भिंत होती आणि भिंत तिच्यावर येत होती, आणि तिला भिंत फोडायची होती. रेषा गेली ते तिला कळलंच नाही. ती तशीच गेली आणि गादीत खांदा घालून आदळली, गादी मागच्या भिंतीवर धडकली, आणि ती गादीला मारत राहिली, मुठींनी, लोकांना वाटलं आनंदाने. पलीकडे कोणीतरी मोठ्याने तिचं नाव घेत होतं, फळ्यावर सर्वांत वर. आयुष्यात ती इतकी वेगाने कधी पळली नव्हती.

पिशवीतला फोन तिने स्वतःच मागवून घेतला. पत्रकार मुलगी तोंडापुढे माइक धरणार होती, तिला हाताने बाजूला केलं आणि कडेच्या खांबामागे गेली. तोंडात रक्ताची चव होती, जीभ चावली गेली होती. आजीने फोन उचलताच तोशाने हिसकावला असावा.

"आई, पहिली!" तोशा म्हणाली.

"हो, बाळा. आणि मला कोणी मारलं नाही. बघितलंस ना? सौदा झाला. आता तुला..."

"बघितलं. तू मारलंस."

किंगाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इथपर्यंत आवाज आला," तोशा म्हणाली. "आजीच्या हातातला कप हलला. मला आधी कळतच नव्हतं. मार खायचा नसतो, आई. मार द्यायचा असतो. खाल्ला की दुसरी येते, दिला की पहिली."

"नाही, तोशा. तसं नाही ते."

"मग कसं?"

खांबाच्या या बाजूला अंधार होता, घाम पाठीवर गार होत होता. पोरीशी ती खोटं बोलत नसे, आणि खरं ते होतं जे पोर बोलत होती. तळहात अजून जळत होता आणि त्या जळण्यावरच ती साठ मीटर गेली होती, हे तिच्या पोटऱ्यांना ठाऊक होतं, फुप्फुसांना ठाऊक होतं. "मी रागावले होते," ती शेवटी म्हणाली. "चुकलं माझं."

"पण तू तर जिंकलीस," तोशा म्हणाली, समजूत घालावी तशी. "मी सोमवारी आजीला मारणार आहे. मी विचारलं, आजी चालेल म्हणाली. फक्त चष्मा काढून ठेवते म्हणाली."

मागून म्हातारीचं हसू ऐकू आलं. "आई," किंगा फोनमध्ये ओरडली, "आई, फोन घे." पण फोन पोरीच्याच हातात होता आणि ती कविता म्हणू लागली होती, पहिल्यापासून, खणखणीत, न चुकता. ध्वनिक्षेपकावर पदकांसाठी नावं पुकारत होते. कोणीतरी खांद्याला हात लावला. कुझावा होते, गालावरची बोटं आता लालभडक, आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत आले असावेत, कारण त्यांच्या मागे दोघंतिघं फोन उंचावून हसत उभे होते. त्यांनी तिचं जॅकेट दोन्ही हातांनी उघडं धरलं होतं, शाळेत निघालेल्या लेकराला घालतात तसं. "थंडी वाजेल," ते म्हणाले. "ये."

कानाशी तोशाची कविता चालूच होती. किंगाने एक हात बाहीत घातला, मग फोन दुसऱ्या हातात घेऊन दुसरा. कुझावांनी चेन वर गळ्यापर्यंत ओढली आणि ती पदकाच्या पायऱ्यांकडे चालू लागली.